जळालेली मोटर

"ठराव क्रमांक ११. मंडळाच्या मालकीच्या तबकडी-यंत्राची मोटर श्री. चंपत मोतीराम दुर्गे यांच्या निष्काळजीपणामुळे जळाली असून सदर यंत्र कायमचे निकामी झाले आहे, असे ही सभा खेदपूर्वक नमूद करते. ठराव सर्वानुमते मंजूर."

दिनांक १६ एप्रिल १९७९. खाली चिटणीस म्हणून उद्धवराव मोतीराम दुर्गे यांची सही आहे. ही आरोपीच्या सख्ख्या थोरल्या भावाची सही. वळणदार, शाई न फुटलेली.

वाक्य सुबक आहे, हे मान्य केले पाहिजे. तहसील कचेरीत बारा वर्षे मिसली, म्हणजे प्रकरणांचे कागद, लिहिलेल्या हाताला असे वाक्य सहज येते. त्यात अपराध, अपराधी आणि खेद आपापल्या जागी नीट बसलेले असतात. सत्याला तेवढी जागा उरत नाही. यंत्र मंडळाच्या मालकीचे नव्हते. १९७१ साली निर्मलला दोन गायन पार्ट्यांचा सवाल-जवाबाचा सामना झाला, त्यात समोरच्या पार्टीची उत्तरे संपली आणि मोतीराम सालदाराची संपली नाहीत, म्हणून ते त्याला बक्षीस मिळाले. बसमध्ये जागा असूनही तो उभा राहिला आणि यंत्राला बसवून घेऊन आला. "मोटर जळाली" हे कोणी पाहिले? पेटीच्या तळाचे चार स्क्रू तेव्हाही गंजलेले होते आणि पुढची अठरा वर्षे तसेच राहिले. ज्या अवयवाच्या मृत्यूचा दाखला सभेने दिला, तो अवयव सभेतल्या एकानेही डोळ्यांनी पाहिला नव्हता. चौकशी झाली ती एका प्रश्नाची. थोरल्याने धाकट्याला विचारले, काय झाले. धाकट्याने उत्तर दिले. ते उत्तर वहीत नाही. राहिला "सर्वानुमते" हा शब्द. हजर असलेल्या नऊ जणांच्या यादीत नववे नाव चंपत मोतीराम दुर्गे हे आहे. याचा अर्थ आरोपीनेही हात वर केला होता. असे त्याने का केले, हे कोणी विचारले नाही. वहीला लेखक होता, वाचक नव्हता.

आणि ही वही कोणाची होती? ज्या घरांची नावे तीन पिढ्या फक्त पटवाऱ्याच्या दफ्तरात आली, तीही दुसऱ्याच्या शेताच्या रकान्यात, त्या घरांनी १९७२ साली घातलेली ही पहिली स्वतःची वही. पहिले दहा ठराव शाळेचे, नळाचे, जयंतीच्या मंडपाचे आहेत. अकराव्या ठरावापर्यंत पोहोचताना पटवाऱ्याची भाषा पूर्णपणे हस्तगत झाली होती, आणि ती पहिल्यांदा वापरली गेली ती आपल्याच एका पोरावर.

त्या दिवशी घडले ते एवढेच. मोतीराम जाऊन दोन वर्षे झाली होती. मधली एक जयंती सुतकासारखी गेली, यंत्र बाहेर निघाले नाही. १४ एप्रिल १९७९ ला मंडपात सगळी वस्ती बसली. बावीस वर्षांच्या चंपतने बापाच्या आवाजाची ती एकुलती एक तबकडी थाळीवर ठेवली. पहिल्या कडव्याच्या मध्यावर आवाज जड झाला, विहिरीत उतरत गेला आणि थांबला. लहान मुले हसली. मोठी माणसे हसली नाहीत, ते अधिक वाईट होते. तेव्हापासून जयंतीच्या मिरवणुकीत चंपत, पुढे शाळेत मास्तर झाला तरी, शेवटच्या बैलगाडीच्याही मागे चालत असे.

१९९७ च्या वैशाख पौर्णिमेला आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथकडच्या या वस्तीत नवीन विहाराचे उद्घाटन होते. जुन्या वहीला वाळवी लागल्यामुळे तिची नक्कल नव्या रजिस्टरात उतरवून ती संध्याकाळी विहारात ठेवायची आणि सगळ्यांसमोर वाचायची, असे ठरले होते. त्या कामासाठी उद्धवराव सकाळीच गुडीहत्नूरहून पत्नी जयवंताबाईसह आले होते आणि धाकट्याच्या ओसरीवर बैठक मारून लिहीत होते. ते आता मंडल कार्यालयात सीनियर असिस्टंट होते. दुपारपर्यंत ते दहाव्या ठरावापर्यंत आले.

"जाऊबाई," द्वारकाबाई ओसरीच्या खांबाला उद्देशून म्हणाली, "त्यांना विचारा, अकरावाही उतरून राह्यले का?"

भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायचे नाही, ही रीत चंपतची बायको सोळा वर्षे पाळत होती. तिचे म्हणणे खांबाला सांगितले जाई, खांबाकडून जयवंताबाईला, आणि जयवंताबाईकडून तिच्या नवऱ्याला. सरकारी कागदही याहून जवळच्या वाटेने जातो.

"ऐकलं ना तुमी?" जयवंताबाई भुईमुगाच्या शेंगांवरून नजर न काढता म्हणाली.

"नक्कल म्हंजे नक्कल," उद्धवराव म्हणाले. "दहानंतर एकदम बारा कसा लिहू?"

"मंग त्यांना म्हना, लिहाच्या आंधी पेटी उघडून पाहू द्या."

"त्या गोष्टीचा फैसला झालेला हाये."

"पेटी न उघडताच," द्वारकाबाई खांबाला म्हणाली.

उद्धवरावांनी टोपण लावून लेखणी बाजूला ठेवली. त्यांना राग आला नव्हता. त्यांना कंटाळा आला होता, निदान त्यांची तशी समजूत होती. हा ठराव लिहिताना आपण किती निःपक्षपाती होतो याचा त्यांना अभिमान होता. भाऊ म्हणून झाकले नाही, लोकांनी बोट दाखवण्याआधी स्वतः लिहिले. भाऊ आपल्याशी पुढे कधी मोकळेपणाने बोलला नाही, ही त्या प्रामाणिकपणाची किंमत, असे त्यांनी मनाशी धरले होते. प्रामाणिक माणसाला आपल्या प्रामाणिकपणाचा पडताळा पाहण्याची गरज वाटत नाही, हा त्याचा दोष असतो.

निकाल दिला तो दोघा भावांच्या आईने, विठाबाईने. ती आत यंत्र मांडीजवळ घेऊन बसली होती. पौर्णिमेसाठी पेटी पुसून ठेवायचे काम तिचे होते, जसे दर जयंतीचेही तिचेच असे. उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला होता. डावाही फार दिवस साथ देणार नाही असे आदिलाबादच्या डॉक्टरने सांगितले होते, आणि ते तिने डाव्या कानानेच ऐकले होते.

"उघड व माय," ती म्हणाली. "माह्या या कानात जीव हाये तवरक उघड. ठरावाचं तुमचं तुमी पाहा."

द्वारकाबाईची हत्यारे म्हणजे शिलाई मशीनच्या खणातली हत्यारे: दोन पेचकस, एक चिमटा, तेलाची लांब चोचीची डबी, दोरे कापायचे ब्लेड. ती वीस वर्षे ब्लाउज शिवत होती आणि मशीन बिघडले तर तिला कोणाची वाट पाहावी लागत नसे. सासरी आली तेव्हा नळावर तिची ओळख "मशीन जाळनाऱ्याची बायको" अशी करून दिली गेली होती. बोलणारी हसून बोलली होती आणि तिनेही हसून ऐकले होते. त्याच आठवड्यात तिने पेचकस घेऊन ही पेटी पुढ्यात ओढली, तर चंपतने तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला होता. राहू दे, जुनं झालं ते. नंतर जेव्हा जेव्हा ती पेटीजवळ गेली तेव्हा तेव्हा असेच झाले. तिने त्याला शरम म्हणून सोडून दिले. आज तो विहाराच्या दिव्यांच्या माळा लावायला गेला होता, आणि ती संधी तिने बरोबर हेरली होती.

तिने यंत्र ओसरीवर आणले, पण आधी काहीच उघडले नाही. वायर तपासली, एका ठिकाणी उंदराने खाल्ली होती तिथे पट्टी गुंडाळली, प्लग लावला, बटण दाबले. पेटीच्या कडेचा लाल दिवा लागला. थाळी हलली नाही. तिने सगळ्यांना गप्प राहायला सांगितले आणि पेटीवर तळहात ठेवला. आत एक बारीक, अखंड थरथर होती.

"जाऊबाई, हात ठेवून पाहा."

जयवंताबाईने हात पुसून ठेवला. मग उद्धवराव उठले आणि कोणी न सांगता त्यांनीही ठेवला.

द्वारकाबाईने बटण बंद केले, थाळी दोन्ही हातांनी सरळ वर उचलून काढली आणि पुन्हा बटण दाबले. थाळीखाली, एका कोपऱ्यात, बोटाएवढी पितळी दांडी इतक्या वेगाने फिरू लागली की ती फिरत नसून उभी आहे असे वाटावे.

"मोटर फिरून राह्यली," ती म्हणाली. या वेळी ती खांबाकडे वळलीही नाही. तिने ते हवेला सांगितले. हवेत उद्धवराव होते.

ते परत आपल्या बैठकीवर गेले. ठराव अकराच्या वाक्यातला मुख्य आधार आता उरला नव्हता, एवढे त्यांना कळत होते. कचेरीत अशा वेळी कागद पुढच्या टेबलाकडे सरकवता येतो. इथे पुढचे टेबल नव्हते.

यंत्राची रचना सोपी होती आणि द्वारकाबाईला ती पाहताक्षणी कळली. मोटरची पितळी दांडी थाळीला लागत नाही. दोघींच्या मध्ये एक रबरी चाक आहे. दांडी चाकाला घासून फिरवते, चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून थाळीला फिरवते. सगळी मदार घासण्यावर. शिलाई मशीनचा पट्टा असाच चालतो. पट्ट्याला कोणी तेल लावले तर मशीन जागच्या जागी उभे राहते. म्हणून शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगितले जाते. तिने रबरी चाकाला बोट लावले. बोट घसरले. चाकावर तपकिरी, मधासारखा थर होता. वर्षांमागून वर्षे साचलेला, खाली घट्ट, वर ओला. तिने बोट नाकाजवळ नेले.

एरंडेल.

"पाह्यलं का कसं चकचकते?" विठाबाई म्हणाली. ती यंत्रामागोमाग ओसरीवर येऊन सुनेच्या अगदी जवळ बसली होती आणि तिच्या हाताशी तेलाची बाटली होती. "तुह्या सासऱ्याच्या मागं एक जयंती चुकू देल्ली नाई मी. आदल्या दिशी हे ताट काहाडलं का सगळ्या चाकाले तेल. या रबराच्याले त जास्तच, ते बिचारं कोरडं दिसे. म्हून टिकलं."

द्वारकाबाईने बोट नाकापासून खाली घेतले.

विठाबाईचे म्हणणे समजून घ्यायचे तर तिच्या नवऱ्याची गाडी ठाऊक असावी लागते. मोतीराम चौदा वर्षे दुसऱ्याच्या घरी सालदार होता. गाडीखाली वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असे, त्यात एरंडेल आणि काजळी; आणि गाडी जुंपण्याआधी चाकांच्या आसांना ते देणे हे सालदाराचे काम. ज्याची गाडी कुरकुरत गावात आली त्याच्याविषयी मालक चारचौघांत बोले. मोतीरामची गाडी कधी कुरकुरली नाही. रात्री तो गायला बसे तेव्हा त्याचे गाणे सगळ्यांचे होई. पण ती न कुरकुरणारी चाके त्या दोघांची होती, कारण नळा भरून ठेवण्याचे काम विठाबाईचे होते. चाक म्हटले की त्याला तेल हवे: हे तिला कोणी शिकवले नव्हते आणि कोणी विसरायलाही लावले नसते. तिने यंत्रातली चाके मोजली आणि प्रत्येकाला त्याचा हक्क दिला. ज्या एका चाकाचे सगळे आयुष्य कोरडे राहण्यावर अवलंबून होते, त्याला दुप्पट दिला.

हे सगळे जयवंताबाईच्या ध्यानात यायला दोन क्षण लागले. ती आणि द्वारकाबाई या दोघींचे सोळा वर्षे जमले नव्हते. एकीकडे सासू राहत होती, दुसरीकडे पगारी नोकरीचे शहरी घर होते, आणि दोघींनाही दुसरीचे ते सोपे वाटत होते. पण जावेच्या नाकपुड्या फुलल्या आणि मग चेहरा बंद झाला, हे तिने पाहिले, बाटलीही पाहिली. शेंगांचे सूप खाली ठेवून ती उठली.

"आत्याबाई, चला. संध्याकाळी कोनतं लुगडं नेसता ते दाखवा. मागच्या वेळचं पांढरं काठाशी फाटलं होतं."

"आता?"

"मंग काय विहारात गेल्यावर?"

विठाबाई नाखुशीने आत गेली. जाताना जयवंताबाईने बाटली पदराखाली घेतली.

मागे उरली द्वारकाबाई, रबरी चाक आणि दहा हातांवर वहीत डोके घालून बसलेला भासरा. जे सिद्ध करायला ती सोळा वर्षे तळमळली ते आता तिच्या बोटाला चिकटले होते. तिने तोंड उघडले असते तर नवरा त्याच घटकेला सुटला असता. फक्त त्याच्या जागी आरोपी बदलला असता, आणि नवीन आरोपी आत पांढऱ्या लुगड्याचे काठ पाहत होता. तिला रडू आले नाही. तिला संताप आला, आणि तो कोणावर काढावा हे न कळल्यामुळे तिने चाक घासायला घेतले.

स्टोव्ह पेटवायचे स्पिरिट तिने चिंधीवर घेतले. वरचा थर निघाला, खालचा निघेना. तो ब्लेडच्या पाठीने खरवडावा लागला. एरंडेलाने रबर गळत नाही, फुगत नाही, एवढे यात नशीब. इंजिनाचे तेल असते तर चाकाचा चिखल झाला असता. मग बारीक पॉलिश पेपरने चाकाची कड खरबरीत केली, दांडी पुसली, थाळीची आतली कड पुसली. थाळी ज्या खिळ्यावर बसते तिथले जुने तेल गोंदासारखे झाले होते. ते रॉकेलने धुऊन तिने तिथे, त्या एकाच ठिकाणी, मशीनच्या डबीतला एक थेंब सोडला.

जयवंताबाई परत आली आणि शेजारी उकिडवी बसली.

"त्यांना काय सांगाचं?" तिने हलक्या आवाजात विचारले.

"रबर सुकलं होतं म्हना."

जयवंताबाईने चिंधीकडे पाहिले. "सुकलं? हे त नुकतंच न्हाऊन आल्यावानी हाये."

दोघी हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत, एकीने दुसरीचा दंड धरून. असे त्या याआधी कधी हसल्या होत्या, हे दोघींनाही आठवले नसते.

थाळी बसवली, बटण दाबले. थाळी आळस दिल्यासारखी निघाली आणि मग बरोबर फिरू लागली. पण सुई टेकवल्यावर नुसती घरघर आली, आवाज नाही. द्वारकाबाईने सुईच्या दांडीचे डोके उलटे केले. सुईवर धुळीचा लोकरीसारखा बोळा होता. तो निघाला तरी घरघरच. तिथे केसासारख्या बारीक तारा येऊन संपत होत्या, त्यांतल्या एकीचे टोक हिरवे पडून सुटले होते. तिने ब्लेडने ते खरवडले आणि चिमट्याने दाबून बसवले. ब्लाउजचा हूक बसवताना श्वास धरावा तसा तिने तो धरला होता.

"आत्याबाईले बोलवा," ती म्हणाली.

लाखेची तबकडी ठेवली गेली. १९६६ साली हैदराबादहून आलेल्या एका माणसाने मोतीरामचे गाणे भरून नेले होते आणि पुढे ही तबकडी धाडली होती. यंत्र घरात येण्याआधीची पाच वर्षे ती फक्त पाहिली जात असे. मोतीराम तिला उजेडात तिरपी धरून लेकरांना सांगे, या रेघेत तुमचा बाप बसला हाये. आता तो उठला. आधी खरखर, मग डफ, मग तो रुंद, किंचित नाकातला, घाई नसलेला आवाज. उद्धवराव लिहिण्याच्या बैठकीवरून उठले नाहीत. त्यांनी फक्त पाठ फिरवली. विठाबाईने यंत्रासमोर मांडी घातली, डावा कान पेटीच्या जाळीला लावला आणि डोळे मिटले. तिसऱ्या कडव्यानंतर कोरसातल्या बायकांच्या टाळ्या येतात, त्यांतली एक टाळी चुकते. ती चुकली तेव्हा म्हातारीच्या तोंडावर हसू आले.

"ते मीच," ती म्हणाली. "लय बोलले होते मले. मंग म्हने, राहू दे, तुही टाळी ओळखू येते."

तबकडी संपली. तिने ती पुन्हा लावायला सांगितली. सुई उचलता उचलता द्वारकाबाई तिच्या चांगल्या कानाशी वाकली आणि म्हणाली की पुढच्या जयंतीपासून तेल फक्त या मधल्या खिळ्याला द्यायचे, एकच थेंब, पण ते आत्याबाईंनीच द्यायचे. बाकीची चाके आता तेल मागत नाहीत.

"नवी रीत हाये का?"

"हो."

विठाबाईने सुनेकडे बराच वेळ पाहिले, मग स्वतःच्या बोटांकडे. "एक थेंब," ती म्हणाली, आणि कान परत जाळीला लावला.

इकडे जयवंताबाईने नवऱ्याला निरोप पोचवला होता: मोटर धड आहे, रबर सुकले होते, तेवढे लिहा. उद्धवरावांनी अकराव्या ठरावाच्या जागी काय लिहावे याचा विचार करत लेखणी झटकली. ती ओकली, शाई बोटांवर आली. हाताशी चिंधी पडली होती, ती त्यांनी उचलली आणि बोटे पुसता पुसता थांबले. स्पिरिटचा वास होताच. त्याखाली दुसरा होता. बांबूचा नळा, काजळी, हिवाळ्यातली पहाट, बाप आसाला वंगण देतोय आणि सात वर्षांचा उद्धव दोन्ही हातांनी नळा धरून उभा आहे, सांडशील त माय रागवंल. तीस वर्षे कचेरीच्या कागदांत बसलेल्या माणसाचे नाक अजून सालदाराच्या पोराचेच होते.

ते सुकलेल्या रबराची नोंद करणार नव्हते.

नेमका त्याच वेळी चंपत दारात आला. गल्लीच्या तोंडाशी त्याने बापाचा आवाज ऐकला होता आणि तिथून इथपर्यंत तो धावला नव्हता. उलट पाय ओढत आला होता. त्याने यंत्र पाहिले, बायकोच्या हातातला पेचकस पाहिला, मायचा जाळीला चिकटलेला कान पाहिला. शेवटी थोरल्या भावाच्या हातातली चिंधी पाहिली, आणि जे विचारले जाणार होते ते त्याला कळले.

उद्धवरावांनी त्याला बसायला सांगितले. ते म्हणाले की अठरा वर्षांपूर्वी आपण एकच प्रश्न विचारला होता आणि उत्तर लिहून घेतले नव्हते, ही आपली चूक. आज तोच प्रश्न पुन्हा विचारतो आहे, आणि या वेळी उत्तर लिहून घेणार आहे. त्यांनी लेखणी उचलली.

"दादा."

हाक चंपतची नव्हती. द्वारकाबाई खांब सोडून पुढे आली होती. पदर डोक्यावर होता, पण नजर सरळ भासऱ्याकडे होती, सोळा वर्षांत पहिल्यांदाच.

"आत्याबाईचं नाव नव्या वहीत आनू नका," ती म्हणाली. "पायजे त यांचंच राहू द्या."

उद्धवरावांनी लेखणी वहीवर आडवी ठेवली. मग त्यांनी तिला थेट उत्तर दिले, मधले टेबल वगळून. नव्या वहीत अकरावा ठरावच येणार नाही, ते म्हणाले. दहानंतर बारा. कोणी विचारलं त सांगीन, वाळवीनं खाल्ला.

तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जाणूनबुजून केलेली ही एकमेव खोटी नक्कल, आणि त्यांच्या अक्षरातल्या सगळ्या कागदांत तीच एक निर्दोष आहे. संध्याकाळी विहारात ती वाचली गेली. दहानंतर बारा आला तेव्हा कोणी हललेही नाही. यंत्र वाजले तेव्हा मात्र सगळे हलले, आणि ते वाजवायला चंपत मास्तर सगळ्यांच्या पुढे बसला होता.

पण लिहून घेण्याची सवय जात नाही. ओसरीवर त्या दुपारी तबकडी तिसऱ्यांदा लागली होती, विठाबाईला नवऱ्याखेरीज काही ऐकू येत नव्हते, आणि त्या आवाजाच्या आडोशाने चंपत बोलला. उद्धवरावांनी ते जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवले. सुरुवात त्यांनी हाताच्या सवयीने केली होती, "विचारल्यावरून जबाब देतो की". ते शब्द खोडलेले आहेत. पुढे भाऊ जसा बोलला तसेच आहे. समास वाळवीने नेला आहे, मजकूर शाबूत आहे:

"मोटर जळली हे मीच सांगितलं होतं, आन् ते खोटं होतं. मंडपाच्या मागं नेऊन मी थाळी काहाडली, चाकाले हात लावला त बोट घसरलं. वास घेतला त समजलं. माय बाजूलेच उभी होती. म्हने, बापू, मी त सगळ्या चाकाले तेल देल्लं, तुह्या बापाची गाडी कधी अडली नाई, मंग हे काऊन अडलं? मी म्हनलं, माय, चाकं बराबर हायेत, माह्या हातानं मोटर जळली. बाबाले जाऊन दोन वर्सं झालते, दादा. त्याच्यासाठी कराचं एवढं एकच काम तिच्यापाशी उरलं होतं. ते मी तिच्या हातातून कसं काहाडू?"